मराठी कीबोर्ड लावला की शॉर्टकट का बंद पडतात? डेस्कटॉप अ‍ॅपमधल्या की-इव्हेंटबद्दल सविस्तर

प्रश्न थोडक्यात असा आहे. कोथरूडमधली एक छोटी टीम दुकानांसाठी बिलिंग आणि स्टॉकचं डेस्कटॉप अ‍ॅप बनवते. भाषा सी++, आणि खिडक्या-बटणांसाठी क्यूटी ६ हे टूलकिट. आजवर सगळे ग्राहक विंडोजवर होते. आता लक्ष्मी रोड, रविवार पेठ भागातल्या काही दुकानदारांनी जुन्या मशीनवर उबुंटू टाकलंय, एका शोरूमला तेच अ‍ॅप मॅकवर हवंय, आणि तक्रारींची रांग लागली आहे. मराठी इन्स्क्रिप्ट (सरकारी प्रमाण कीबोर्ड-मांडणी, म्हणजे लेआउट) चालू असताना यादीच्या पडद्यावर 'एन' दाबून नवीन बिल, 'पी' दाबून प्रिंट हे चालत नाही. ₹ टाइप करायला गेलं की भलताच रिपोर्ट उघडतो. नंबरपॅडवरचं एंटर काही पडद्यांवर दादच देत नाही. मॅकवर बटण सोडल्याचा इव्हेंट अधूनमधून येत नाही. बारकोड स्कॅनर मध्येच देवनागरी अक्षरं टाकतो. आणि टीमने स्वतः पेंट केलेल्या ग्रिडमध्ये फोनेटिक मराठी लिहिताच येत नाही. टीमचं विचारणं आहे: प्रत्येक प्लॅटफॉर्मसाठी वेगळे 'इफडेफ', म्हणजे त्या-त्या सिस्टीमपुरते कोडचे तुकडे, टाकत बसायचं, की हे एकदाच नीट करायचा काही मार्ग आहे?

मार्ग आहे. वरवर सहा बग दिसतात, पण त्यातले बहुतेक एकाच गृहीतकातून आलेत: बटण दाबलं म्हणजे अक्षर आलं. इंग्रजी लेआउट, एकच ऑपरेटिंग सिस्टीम आणि तयार टेक्स्टबॉक्स एवढ्यावर काम भागत असेल तर हे गृहीतक वर्षानुवर्षं खपून जातं. मराठी लेआउट लावला की त्याच दिवशी उघडं पडतं. युरोपातल्या टीमना ज्या परिस्थिती चाचणीसाठी मुद्दाम उभ्या कराव्या लागतात, त्या आपल्याकडे पहिल्याच ग्राहकाच्या गल्ल्यावर हजर असतात. त्याचा फायदा करून घ्या.

बटण दाबल्यावर खरं तर तीन वेगळ्या गोष्टी अ‍ॅपपर्यंत पोचू शकतात. एक म्हणजे जागा, कीबोर्डवरचं नेमकं कुठलं बटण. दुसरी म्हणजे सध्याच्या लेआउटमधला त्या बटणाचा अर्थ. तिसरी म्हणजे मजकूर, कागदावर प्रत्यक्ष काय उमटायचं ते. ही तिसरी गोष्ट उशिरा येऊ शकते, एका बटणातून तीन अक्षरांची येऊ शकते, अजिबात न येऊ शकते, किंवा कुठलंही बटण न दाबता इमोजी पॅनेलमधून आणि बोलून लिहिण्यातूनही येऊ शकते. कोडच्या प्रत्येक ओळीला विचारायचा प्रश्न इतकाच, की तुला या तिघांपैकी काय हवंय?

'सी' छापलेलं बटण घेऊ. यूएसबी कीबोर्डच्या प्रमाण तक्त्यात (एचआयडी) त्याचा क्रमांक ६. विंडोजचा स्कॅनकोड ४६. लिनक्सच्या एव्हडेव्ह या इनपुट-थरातही ४६, पण एक्स११ (लिनक्सची जुनी खिडकी-व्यवस्था) त्यात ८ मिळवतं म्हणून ५४. मॅकओएसमध्ये ८. हे सगळे जागेचे आकडे, लेआउट बदलला तरी हलत नाहीत. अर्थ मात्र हलतो: अमेरिकन लेआउटवर 'सी', इन्स्क्रिप्टवर 'म'. विंडोज मध्ये एक पायरी ठेवतं, व्हर्च्युअल की-कोड. मराठी लेआउट लावला तरी या बटणाचा व्हर्च्युअल कोड 'सी'चाच, म्हणजे ६७, राहतो आणि 'म' हे अक्षर मागाहून डब्ल्यूएम_कॅर या वेगळ्या संदेशातून येतं. एक्स११ आणि त्याच्या जागी येणाऱ्या वेलँडवर ही पायरी नाही. लेआउटचा मराठी गट चालू असेल तर बटणाचा कीसिमच (अर्थाचं सांकेतिक नाव) 'म' होतो. मॅकवर लेआउटने दिलेलं अक्षर एनएसइव्हेंट या सिस्टीमच्या इव्हेंटमध्येच असतं. कमांड दाबलेलं असताना बरेचसे बिगर-लॅटिन लेआउट लॅटिन अक्षर देतात, म्हणून कमांड-सी तिथे सहसा बिघडत नाही.

आता तुमचा पहिला बग. क्यूअ‍ॅक्शनला (क्यूटीतल्या मेन्यूच्या कामाला) लावलेले कंट्रोलसकटचे शॉर्टकट उबुंटूवर मराठी चालू असतानाही बहुधा चालत असतील. कारण अर्थ लॅटिन नाही असं दिसलं की क्यूटी कीमॅपच्या (बसवलेल्या लेआउटच्या तक्त्याच्या) बाकीच्या गटांमध्ये त्याच बटणाचं लॅटिन अक्षर शोधतं. पण यादीच्या पडद्यावर तुम्ही कीप्रेसइव्हेंटमध्ये हाताने तुलना केली आहे, आणि तिथे नुसतं 'एन' दाबल्यावर क्यूटीच्या दृष्टीने 'ल' आलाय, 'पी' दाबल्यावर 'ज'. क्यूटीने काही चूक केलेली नाही. कंट्रोल नसलेलं बटण हे लिहिण्यासाठीच आहे असं धरणं टूलकिटच्या बाजूने योग्यच आहे.

उपाय म्हणून एक छोटं फंक्शन लिहा. त्याचं काम एकच: इव्हेंट घ्यायचा आणि या बटणाचा लॅटिन अर्थ काय ते सांगायचं. विंडोजवर नेटिव्हव्हर्च्युअलकी() थेट उत्तर देतं. लिनक्सवर नेटिव्हस्कॅनकोड() घेऊन (क्यूटी तो ८ मिळवलेलाच देतं) एक्सकेबीकॉमन या लायब्ररीच्या कीमॅपमध्ये सगळे गट चाळायचे. लॅटिन अक्षर देणारा पहिला गट सापडला की तेच उत्तर, एकही नसेल तर अमेरिकन तक्ता. मॅकवर नेटिव्हस्कॅनकोड() निरुपयोगी आहे, तिथेही नेटिव्हव्हर्च्युअलकी()च घ्यायचं. 'एन'साठी ते ४५ देतं, 'पी'साठी ३५. ते आकडे अक्षरात बदलताना टीआयएसकॉपीकरंटएएससीआयआयकेपेबलकीबोर्डलेआउटइनपुटसोर्स या लांबलचक नावाच्या फंक्शनकडून लेआउट घ्या. वापरणाऱ्याचा सध्याचा लॅटिन लेआउट कोणता हे ते सांगतं, त्यामुळे अमेरिकन तक्ता गृहीत धरावा लागत नाही. तुमचे सगळे 'इफडेफ' या एका फाइलमध्ये राहू द्या. बाकीच्या कोडला प्लॅटफॉर्म कळायची गरज नाही.

"मग सरळ जागेवरूनच का नाही ओळखायचं? 'एन'ची जागा ४९, झालं." हा मोह टाळा. पुण्यात जर्मन कंपन्यांसाठी सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यांना हे पाठ असतं: जर्मन कीबोर्डवर 'वाय' आणि 'झेड'च्या जागा अदलाबदल झालेल्या आहेत. जागेवरून कंट्रोल-झेड ओळखलं तर जर्मन माणसाने 'वाय' छापलेलं बटण दाबल्यावर अनडू होईल. फ्रेंच कीबोर्डवर अंकांसाठी शिफ्ट लागतो. जर्मनवर '/' हे शिफ्ट-७ आहे, म्हणून कंट्रोल आणि '/' असा शॉर्टकट तिथे तीन बोटांचा होतो. तेव्हा ज्या शॉर्टकटचा संबंध अक्षराशी आहे (प्रिंटचा 'पी', अनडूचा 'झेड') तो अर्थावरून ओळखा आणि अर्थ लॅटिन नसेल तरच वर सांगितलेला मार्ग घ्या. ज्याचा संबंध बोटांच्या ठेवणीशी आहे, म्हणजे गेममधली चालण्याची चार बटणं किंवा पडद्यावरच्या पियानोच्या पट्ट्या, तो जागेवरून ओळखा. बिलिंगमध्ये असं काही नसतं.

इलेक्ट्रॉन किंवा टॉरीवर (वेबच्या तंत्राने डेस्कटॉप अ‍ॅप बनवायची साधनं) काम करणाऱ्यांसाठी हाच भेद ब्राउझरच्या इव्हेंटमध्ये तयार मिळतो: 'कोड' म्हणजे जागा, 'की' म्हणजे अर्थ. जुनं 'कीकोड' वापरू नका, अपवाद एकच, तो पुढे येईल.

दुसरा बग, ₹. विंडोजच्या 'इंग्लिश (इंडिया)' लेआउटवर ₹ हे ऑल्टजीआर-४ वर आहे (ऑल्टजीआर म्हणजे उजवं ऑल्ट बटण). विंडोज ऑल्टजीआरला डावा कंट्रोल अधिक उजवा ऑल्ट असं कळवतं. तुम्ही चौथ्या रिपोर्टला कंट्रोल-ऑल्ट-४ हा शॉर्टकट दिलाय. दुकानदार रुपयाचं चिन्ह टाकतो आणि अ‍ॅप रिपोर्ट उघडतं. हेच जर्मनीत ऑल्टजीआर-क्यूवर असलेल्या '@'चं होतं. क्यूटीला विंडोजसाठी 'ऑल्टजीआर' नावाचा प्लॅटफॉर्म पर्याय ५.१२ पासून आहे, त्याने हे बटण वेगळं ओळखता येतं. तरी माझा आग्रह साध्या नियमाचा आहे: अक्षर किंवा अंक असलेल्या बटणाला कंट्रोल-ऑल्टची जोडी कधीच द्यायची नाही. ऑल्ट-शिफ्टही नको, विंडोजवर अनेकांकडे त्यानेच लेआउट बदलतो. विंडोजवर विंडोज-स्पेस आणि उबुंटूच्या नोम डेस्कटॉपवर सुपर-स्पेस भाषा बदलण्यासाठी आहेत, मॅकवर कंट्रोल-स्पेस. द्विभाषिक माणूस ही बटणं दिवसभर दाबत असतो. ती त्याच्यासाठी सोडा.

मग उरतं काय? फंक्शन बटणं. आणि बिलिंगच्या धंद्यात ती सर्वांत मोलाची आहेत. पुण्यातल्या कुठल्याही अकाउंटंटची बोटं टॅलीवर तयार झालेली असतात: एफ५ पेमेंट, एफ६ रिसीट, एफ८ सेल्स, एफ९ परचेस. एफ-बटणांना लेआउटचं सोयरसुतक नाही, मराठी असो वा जर्मन, अर्थ तोच. विक्रीचं बिल एफ८ वर ठेवलंत तर शिकवावंही लागणार नाही. दोन अडचणी मात्र लक्षात ठेवा. एफ१० विंडोजवर मेन्यू जागा करतं आणि साध्या की-संदेशाऐवजी डब्ल्यूएम_सिसकीडाउन म्हणून येतं, ते टाळलेलं बरं. आणि मॅकवर, तसंच बऱ्याच लॅपटॉपवर, एफ-बटणांसाठी एफएन धरावं लागतं, तेव्हा प्रत्येक कामाला मेन्यूतूनही वाट ठेवा.

कॉपी, पेस्ट, अनडू यांसाठी क्यूकीसिक्वेन्सचे तयार प्रमाण शॉर्टकट वापरा, हाताने लिहू नका. रिडू विंडोजवर कंट्रोल-वाय असतं, मॅकवर कमांड-शिफ्ट-झेड, आणि ते टूलकिटला माहीत आहे. मॅकवर क्यूटी कंट्रोल आणि कमांडची नावं आपोआप बदलतं: कोडमधला कंट्रोलमॉडिफायर म्हणजे तिथलं कमांड बटण. हे ठाऊक नसेल तर माणूस संध्याकाळभर डीबग करत बसतो.

नंबरपॅडचं एंटर. क्यूटीत मुख्य बटण की_रिटर्न, नंबरपॅडवरचं की_एंटर. जीटीके या दुसऱ्या टूलकिटमध्येही दोन वेगळी नावं आहेत, मॅकवर ३६ आणि ७६ असे दोन कोड. विंडोजवर व्हर्च्युअल कोड एकच, फरक फक्त 'एक्स्टेंडेड' बिटमध्ये. तुमच्या काही पडद्यांवर फक्त की_रिटर्न तपासलंय. दुकानात रक्कम टाकणारा माणूस उजवा हात नंबरपॅडवरून उचलत नाही, त्याच्यासाठी ते दुसरं एंटर हेच खरं एंटर आहे. सगळ्या कोडमध्ये शोधून दोन्ही लिहा.

शॉर्टकट आणि टेक्स्टबॉक्स यांच्यात भांडण लागलं तर क्रम ठाऊक हवा. क्यूटी आधी फोकस असलेल्या विजेटला शॉर्टकटओव्हरराइड हा इव्हेंट देतं. विजेटने तो स्वीकारला तर बटण लिहिण्यासाठी त्याच्याकडेच जातं. नाही स्वीकारला तर शॉर्टकटची यादी पाहिली जाते, आणि तिथेही कोणी घेतलं नाही तर साधा कीप्रेस. क्यूलाइनएडिट हे स्वतःहून बरोबर करतं. तुमचं ग्रिड करत नाही, म्हणून सेलमध्ये लिहिताना 'पी' दाबलं की प्रिंट निघतं. डब्ल्यूएक्सविजेट्स या टूलकिटमध्ये ईव्हीटी_कॅर_हुक आधी येतो, आणि हँडलरमध्ये स्किप() विसरलं तर पुढचं सगळं गिळलं जातं. जीटीके ४ मध्ये इव्हेंट-कंट्रोलरचा टप्पा (कॅप्चर की बबल) ठरवावा लागतो. नावं वेगळी, तपासायची गोष्ट तीच: लिहिणं चालू असेल तर आधी मान लिहिण्याचा.

बटण सोडल्याच्या इव्हेंटवर भिस्त ठेवू नका, हे मी प्रत्येक टीमला सांगतो. मॅकवर कमांड धरलेलं असताना दुसरं बटण सोडल्याचा कीअप अ‍ॅपला नेहमीच्या वाटेने मिळत नाही. हे सिस्टीमचं जुनं वागणं आहे, तुमचा बग नाही. अगदीच गरज असेल तर एनएसइव्हेंटचा स्थानिक मॉनिटर लावून तो पकडता येतो. दुसरं, विंडोजवर ऑल्ट-टॅब करताना ऑल्ट दाबल्याचं तुम्हाला कळतं आणि सोडल्याचं दुसऱ्या खिडकीला. कोणतं बटण खाली आहे याची स्वतःची यादी ठेवत असाल तर फोकस जाताक्षणी ती रिकामी करा. फोकस परत आल्यावर मॉडिफायरची (शिफ्ट, कंट्रोल, ऑल्ट) स्थिती सिस्टीमला नव्याने विचारा. वेलँड इथे शहाण्यासारखं वागतं: खिडकीत फोकस येताना आधीच दाबलेल्या बटणांची यादी 'एंटर' संदेशातच देतं.

बटण धरून ठेवल्यावर होणारी पुनरावृत्तीही तिन्हीकडे वेगळी. विंडोज नुसते कीडाउन पाठवत राहतं, आणि 'आधीपासून खाली होतं' हे एका बिटमध्ये सांगतं. एक्स११ प्रत्येक पुनरावृत्तीला सोडलं-दाबलं अशी जोडी पाठवतं, वेगळी सेटिंग मागितली नाही तर. वेलँडवर पुनरावृत्ती अ‍ॅपच्या बाजूने होते. कंपोझिटर (वेलँडवर खिडक्या सांभाळणारा प्रोग्रॅम) फक्त वेग आणि सुरुवातीचा थांबा कळवतो, टायमर टूलकिट चालवतं. अ‍ॅपमध्ये इझऑटोरिपीट() तपासलं की काम झालं. जिथे एकदाच व्हायला हवं, म्हणजे बिल सेव्ह, प्रिंट, ड्रॉवर उघडणं, तिथे ते तपासलंच पाहिजे. नाहीतर एफ८ वर बोट रेंगाळलं की तीन कोरी बिलं.

बारकोड स्कॅनर हा कीबोर्डच असतो. तो यूएसबीवरून अमेरिकन लेआउट धरून बटणांच्या जागा पाठवतो आणि ऑपरेटिंग सिस्टीम त्या चालू लेआउटने वाचते. ग्राहकाचं नाव मराठीत लिहून झालं, लेआउट मराठीच राहिला, स्कॅनरने शिफ्ट-पी पाठवलं, पडद्यावर 'झ' आला. काही मराठी लेआउट अंकांच्या ओळीवर देवनागरी अंक देतात, म्हणजे नुसत्या आकड्यांचा कोडही सुटत नाही. सर्वांत भक्कम उपाय सॉफ्टवेअरमध्ये नाही. बऱ्याच स्कॅनरच्या पुस्तिकेत त्याला आभासी सीरियल पोर्ट करणारा एक सेटिंगचा बारकोड असतो, तो स्कॅन करा आणि क्यूटीच्या सीरियलपोर्ट मॉड्यूलने थेट वाचा. मग लेआउट, फोकस, शॉर्टकट कशाचाच संबंध उरत नाही. ते शक्य नसेल तर विंडोजवर रॉ इनपुटमध्ये कुठल्या उपकरणातून बटण आलं ते कळतं, त्यावरून स्कॅनर वेगळा काढून त्याचे स्कॅनकोड अमेरिकन तक्त्याने वाचा. लिनक्सवर एव्हडेव्हने तेच होतं, पण त्या फाइली वाचायची परवानगी द्यावी लागते. फक्त वेगावरून ओळखण्याची युक्ती (इतक्या जलद माणूस टाइप करत नाही) मदतीला ठीक, एकटीवर विसंबू नका. आणि स्कॅनर कोडच्या शेवटी एंटर पाठवत असेल तर डायलॉगमधलं 'ओके' त्याने दाबलं जातं, हे प्रत्येक डायलॉगमध्ये तपासून घ्या.

आता ग्रिड, आणि हाच सगळ्यात अवघड भाग आहे.

मराठी लिहिण्याचे दोन प्रकार लोक वापरतात, आणि ते अ‍ॅपपर्यंत अगदी वेगळ्या वाटांनी येतात. इन्स्क्रिप्ट हा साधा लेआउट आहे. भारत सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने तो १९८६ मध्ये प्रमाण म्हणून आणला, आणि १९९१ च्या आयएस १३१९४ या मानकात तो आहे. डावीकडे स्वर, उजवीकडे व्यंजनं, बटण दाबलं की अक्षर. मात्र 'एका बटणाला एक अक्षर' हे तिथेही खरं नाही: शिफ्ट-७ ला 'क्ष' येतं, म्हणजे क, हलंत आणि ष असे तीन यूनिकोड बिंदू. विंडोज त्यांचे एकापाठोपाठ तीन डब्ल्यूएम_कॅर पाठवतं. ज्या कोडमध्ये 'मजकुराची लांबी एक असेल तरच घे' अशी अट आहे, तिथे अशी जोडाक्षरं हरवतात. ही अट मला फार ठिकाणी दिसते. तुमच्याकडेही शोधा.

दुसरा प्रकार फोनेटिक: 'एन-ए-एम-ए-एस-के-ए-आर' टाइप करायचं, 'नमस्कार' उमटतं. विंडोज १० मध्ये मराठीसह भारतीय भाषांचे फोनेटिक कीबोर्ड २०१९ च्या मे महिन्यातल्या अपडेटपासून आहेत. लिनक्सवर आयबस आणि एम१७एन हेच काम करतात. इथे लेआउट नाही, इनपुट मेथड आहे, म्हणजे बटणं गोळा करून शब्द जुळवणारा मधला प्रोग्रॅम. बटण आधी तिच्याकडे जातं. विंडोजवर अ‍ॅपला कीडाउन दिसतो, पण व्हर्च्युअल कोड २२९, म्हणजे 'हे बटण इनपुट मेथडने घेतलंय, तू हात लावू नकोस'. ब्राउझरमधलं 'कीकोड' २२९ तेच सांगतं, आणि जुन्या गुणधर्मासाठी मी मघाशी ठेवलेला अपवाद हाच. 'इझकंपोझिंग'बरोबर (शब्द अजून जुळतोय का हे सांगणारा गुणधर्म) तेही तपासा, कारण वेबकिटमध्ये जुळणी संपल्याचा इव्हेंट एंटरच्या कीडाउनच्या आधी येतो आणि नुसतं 'इझकंपोझिंग' तिथे फसतं. टॉरी मॅकवर वेबकिटच वापरतं. वापरणारा शब्द पक्का करायला एंटर दाबतो आणि तुमचं अ‍ॅप अर्धवट नावानिशी बिल सेव्ह करून मोकळं होतं, ते यामुळे.

तुमच्या ग्रिडला हे काहीच कळत नाही, कारण ते कीप्रेसइव्हेंटमधला टेक्स्ट() जोडत बसतं. त्याला चार गोष्टी द्याव्या लागतील. डब्ल्यूए_इनपुटमेथडएनेबल्ड हा गुणधर्म, नाहीतर इनपुट मेथड त्या विजेटकडे फिरकतही नाही. इनपुटमेथडइव्हेंटचा हँडलर: त्यातली प्री-एडिट स्ट्रिंग म्हणजे अजून पक्का न झालेला मजकूर, तो अधोरेखित करून दाखवायचा पण डेटामध्ये ठेवायचा नाही, कमिट स्ट्रिंग आली की ती ठेवायची, आणि सोबत आलेल्या बदलीच्या जागा-लांबीचा मान राखायचा. तिसरी, इनपुटमेथडक्वेरी: कर्सर पडद्यावर कुठे आहे, आजूबाजूचा मजकूर काय आहे हे विचारलं की सांगायचं. कर्सरचा आयत चुकला तर शब्दांची यादी पडद्याच्या कोपऱ्यात उघडते आणि लोक म्हणतात "मराठी चालत नाही". चौथी, सेल सोडताना किंवा फोकस जाताना अर्धवट शब्दाचं काय करायचं ते ठरवा: पक्का करा, टाकून देऊ नका. जीटीके ४ मध्ये हे काम जीटीकेआयएमकॉन्टेक्स्ट करतं, मॅकवर मुळाशी एनएसटेक्स्टइनपुटक्लायंट आहे, गेमसाठीच्या एसडीएल लायब्ररीत टेक्स्ट इनपुट वेगळं सुरू-बंद करावं लागतं.

आणखी एक वाट आहे. डीटीपीची सवय असलेले लोक टाइपरायटर पद्धतीच्या मांडणीसाठी वेगळी साधनं चालवतात. अशी काही साधनं विंडोजच्या सेंडइनपुटमधून थेट यूनिकोड अक्षर ढकलतात. तेव्हा व्हर्च्युअल कोड २३१ येतो, जागा वगैरे काही नसतं, अक्षर डब्ल्यूएम_कॅरमधून येतं. मजकूर फक्त मजकुराच्या वाटेने घेणारं अ‍ॅप इथे आपोआप बरोबर चालतं. बटणावरून अक्षर ओळखणारं अ‍ॅप कधीच चालणार नाही. त्याच कारणाने कीडाउनमध्ये टूयूनिकोड बोलावून स्वतः अक्षर काढायचा खटाटोप नको. तो कॉल डेड-कीची स्थिती बिघडवतो, म्हणजे स्वरचिन्ह आधी आणि अक्षर नंतर टाइप करणाऱ्या युरोपीय लेआउटवर लिहिणं मोडतं. विंडोज १० च्या १६०७ आवृत्तीपासून स्थिती न बदलण्याचा फ्लॅग आहे, पण लिहिण्यासाठी त्याची गरज पडू नये.

बॅकस्पेसचा नियम वेगळा सांगतो, कारण तो स्वतःच्या ग्रिडमध्ये हमखास चुकतो. देवनागरीत बॅकस्पेसने शेवटचा एक यूनिकोड बिंदू जातो: 'की' वर दाबलं तर वेलांटी जाते, क राहतो. डिलीट आणि बाणाची बटणं मात्र पूर्ण अक्षरसमूह ओलांडतात. समूह कुठे संपतो हे क्यूटीच्या क्यूटेक्स्टबाउंडरीफाइंडरला किंवा आयसीयू या यूनिकोड लायब्ररीला विचारा. यूनिकोडने १५.१ या २०२३ च्या आवृत्तीत देवनागरी जोडाक्षरं एकच समूह धरायचा नियम आणला. त्याआधीच्या तक्त्यांत 'क्ष'च्या मधोमध सीमा पडते, तेव्हा तुमच्या लायब्ररीचा तक्ता कुठल्या आवृत्तीचा आहे ते पाहून घ्या.

चाचणीसाठी माझ्याकडे छोटी यादी असते. प्रत्येक मशीनवर तीन लेआउट: इंग्लिश (इंडिया), मराठी इन्स्क्रिप्ट, जर्मन. शिवाय एक फोनेटिक. 'क्षत्रिय', 'दऱ्या', 'तऱ्हा' हे शब्द, ₹, जर्मन '@'. 'दऱ्या'तला ऱ इन्स्क्रिप्टवर शिफ्ट-जेवर आहे, आणि तो 'दर्या' होऊन सेव्ह होत नाही ना हे डेटाबेसमध्ये पाहायचं, पडद्यावर नाही. प्रत्येक शॉर्टकट मराठी चालू ठेवून. नंबरपॅडचं एंटर. अर्ध्या शब्दात ऑल्ट-टॅब. काय येतंय ते दिसत नसेल तर एक्स११ वर एक्सईव्ही, वेलँडवर डब्ल्यूईव्ही, विंडोजवर स्पाय++ उघडा. अ‍ॅपच्या लॉगमध्ये जागा, अर्थ आणि मजकूर हे तीन रकाने वेगळे छापा, पण पासवर्डच्या रकान्यात हा लॉग बंद असलाच पाहिजे, आणि ग्राहकाकडे जाणाऱ्या बिल्डमध्ये तो नसावाच.

कामाचा क्रम विचाराल तर ₹ आणि नंबरपॅड आधी उरका, बदल मोजक्या ओळींचे आहेत आणि दुकानदाराला रोज टोचणारे आहेत. मग स्कॅनर सीरियलवर न्या, मग लॅटिन अर्थाचं फंक्शन. ग्रिडला इनपुट मेथड शिकवायला वेळ लागेल. तोवर सेल एडिट करायला घेतला की त्याच्या बरोबर वर एक क्यूलाइनएडिट ठेवा आणि एडिट संपल्यावर मजकूर सेलमध्ये घ्या. प्री-एडिट, बॅकस्पेस, कर्सरचा आयत, शॉर्टकटओव्हरराइड हे सगळं ते आजपासून नीट करेल, आणि खरं सांगायचं तर बिलिंगच्या ग्रिडला कायमसाठीही तेवढं पुरेल.